पुस्तक मिटून लिहिलेला निबंध

माझी शेजारीण नीनाताई टिळेकर हिला पाठांतराची देणगी आहे, आणि त्याच देणगीपायी तिची डिग्री बुडायची वेळ आली होती.

आम्ही दोघी इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला एकाच गल्लीत राहतो. ती मूळची सांगलीची. लग्न होऊन इथे आली आणि हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं. वर्षानुवर्षं हे केल्यावर पन्नाशीला टेकताना तिच्या डोक्यात आलं, आपण नर्सिंग असोसिएट व्हायचं. असिस्टंट आणि नर्स यांच्या मधली ही पायरी, आणि तिच्यासाठी दोन वर्षांची फाउंडेशन डिग्री लागते. मी म्हटलं, "कशाला हा उपद्व्याप? या वयात लोक क्रूझवर जातात." तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी महिनाभर अबोला धरला असता.

डिग्रीच्या अटी ऐकून मलाच घाम फुटला. आत शिरायलाच इंग्रजी आणि गणिताचं सर्टिफिकेट. मग वॉर्डातल्या प्लेसमेंटचे तास, शिकलेल्या प्रत्येक कामावर वरिष्ठ नर्सची सही. औषधांच्या गणितात शंभरपैकी शंभर. एक चूक झाली की नापास. शिवाय प्रत्येक मोड्यूल वेगळं पास व्हायला हवं, एकातले जास्तीचे मार्क दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. नीनाताईने शिफ्टा सांभाळून एकेक अट पार केली. शेवटचं मोड्यूल राहिलं, आणि तिथे माशी शिंकली.

त्यासाठी घरून लिहायच्या निबंधाचा विषय होता मधुमेही पेशंटच्या पायांची काळजी. नीनाताईने अभ्यास केला तो आपल्याकडच्या पद्धतीने. पोळ्या लाटताना धडा घोकला, बसमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिला. पुरता तोंडपाठ झाल्यावर पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि एका बैठकीत निबंध उतरवून काढला. स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. युनिव्हर्सिटीच्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने तो जवळजवळ अख्खा रंगवून दाखवला. आरोप काय, तर उचलेगिरी.

"मी कॉपी केली? मी?" रडून रडून तिचे डोळे सुजले. चौकशीच्या मीटिंगमध्ये तिने ठणकावून सांगितलं, "द बुक वॉज क्लोज्ड! आय नो इट बाय हार्ट!" चोरीचा आरोप असलेल्याने माल कुठे ठेवलाय ते अभिमानाने सांगावं, त्यातलाच हा प्रकार.

हेतू वाईट नव्हता हे तिथल्या मंडळींना पटलं. पण नियम तो नियम. निबंध पुन्हा लिहायची एकच संधी, आणि कितीही चांगला लिहिला तरी मार्क काठावरचे, चाळीसच. त्यातही नापास झाली तर डिग्री गेली, दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

आता तिला लिहिताच येईना. लिहायला बसलं की पुस्तकाचंच वाक्य बाहेर पडे. मी शहाणपणा करून म्हटलं, "अगं, मधले मधले शब्द बदल ना."

तिची मुलगी सान्वी, इथेच जन्मलेली, माझ्यावर उखडली. "रेखामावशी, दॅट्स स्टिल चीटिंग! आई, तू बुक विसर. मला तुझी पेशंटची स्टोरी सांग ना. तो सॉक्सवाला आजोबा."

नीनाताई सांगू लागली. वॉर्डात आलेल्या एका आजोबांचे मोजे काढताना तिला त्यांच्या तळव्यात रुतलेलं शर्टाचं बटण सापडलं होतं. बटण मोज्यात पडलेलं आणि आजोबा त्यावरून खुशाल चालत होते, कारण मधुमेहाने पायांची जाणीवच गेलेली. "ते मला म्हणाले, दुखलं नाही म्हणून बघितलं नाही. मग मी जमिनीवर आरसा ठेवला आणि त्यांना रोज तळवा बघायला शिकवलं." सांगताना तिचे हात असे हलत होते, जणू तो पाय तिच्या मांडीवरच असावा. माझा चहा गार झाला. मला तिचा इतका अभिमान वाटला की खवचटपणा बाजूला ठेवून मी कागद-पेन तिच्यापुढे सरकवलं.

तेच तिने आधी मराठीत लिहिलं, मग आपल्या साध्या, अडखळत्या इंग्रजीत. जे पुस्तकातून घेतलं, तिथे पुस्तकाचं नाव दिलं. मध्येच दोनदा "सोडते मी हे सगळं" म्हणून उठली, भांडी घासून आली आणि पुन्हा बसली.

निकाल कळला तेव्हा ती युनिफॉर्ममध्येच माझ्या दारात आली. "पास! डिग्री झाली!"

"किती मिळाले?"

"चाळीस."

मला जीभ आवरत नाही. "बारावीला एकोणनव्वद टक्के मिळवणारी बाई तू, आणि चाळिसांवर नाचतेस?"

"ते एकोणनव्वद पुस्तकांचे होते गं," नीनाताई म्हणाली. "हे चाळीस माझे आहेत."