बोगद्यात शिरताना आवाज द्यायचा

आमच्या स्टेशनखालच्या बोगद्यात पाणी साचतं, तसे किस्सेही साचतात. पाणी निदान पंपाने उपसता येतं!

पूर्वी तिथे फाटक होतं. लोक ताटकळत उभे राहून गाडीला शिव्या द्यायचे. मग फाटक बंद झालं आणि रुळांखालून बोगदा आला. उद्घाटनाला पाहुण्यांनी सोयी सांगितल्या. पंप, ट्यूबलाइट, सिमेंटचा रस्ता!

मागून एक आजोबा म्हणाले, "आन् समोरून कोन येतंय ते कसं दिसायचं?"

कारण बोगदा मध्येच वळतो. उसाची ट्रॉली आत शिरली, की भिंतीशी बोटभर जागा उरत नाही.

"हॉर्न द्या की!" पाहुणे हसले.

पायी चालणाऱ्याने काय द्यायचं? शेवटी गावानेच ठरवलं. शिरण्याआधी ओरडायचं, "हाय का कुनी?" आत असेल त्याने "हाय!" म्हणायचं. उत्तर आलं नाही, तरच शिरायचं.

माझा आवाज वर्गात हजेरीलाही निघत नाही. बोगद्यात माझ्या वाटचं माझी मैत्रीण रुबिना ओरडते.

*

एकदा घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस बोगद्याच्या तोंडाशी अडून बसली. मालकाने ओढलं, ढकललं, शेपूट पिरगाळलं. ढिम्म!

रुबिना म्हणाली, "मामा, आवाज दिला का?"

मामा वैतागून ओरडले, "हाय का कुनी?"

"हाय!" आणि पाठोपाठ ट्रॅक्टरचं तोंड बाहेर आलं.

मामा म्हशीच्या पायाच पडले.

*

पी.टी.चे सर नेहमी सांगतात, "भीती मनात असते, बोगद्यात नाही."

एका संध्याकाळी सर बोगद्यापाशी मोटारसायकल बंद करून उभे होते.

"सर, गाडी बंद पडली का?" रुबिनाने विचारलं.

"छे! फोन आलाय."

फोन खिशात होता.

"तुम्ही व्हा पुढे," सर म्हणाले. "मी मागून लाइट दाखवतो."

*

मग रुबिनाला ताप आला. शाळा सुटल्यावर मी एकटीच बोगद्यापाशी आले. "हाय का कुनी?" म्हटलं, पण ते माझं मलाही ऐकू आलं नाही. उत्तर आलं नाही. शिरले.

वळणापाशी पोहोचले तेव्हा डोक्यावरून गाडी गेली. ट्यूबलाइट थरथरली, विझली. गाडी गेली, तरी एक घरघर थांबेना.

ट्रॅक्टर!

"हाय का कुनी?" वळणापलीकडून ड्रायव्हर ओरडला.

मी तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

"हाय का कुनी?"

मागे पळायचं होतं, पण पाय हलेनात. दप्तरासकट भिंतीला चिकटले. उसाची पाती भिंतीवर घासत जवळ येऊ लागली. वळणावर हेडलाइटचा उजेड पडला.

आणि ट्रॅक्टर कचकन थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला.

"केवढ्यानं वरडलीस गं पोरी! कानठळ्या बसल्या माझ्या. बरं झालं वरडलीस!"

मी नुसतीच मान हलवली. नाही म्हणून. माझा आवाज अजूनही निघत नव्हता.