वायूची चोरी

चिंचवडजवळच्या एका छोट्या कारखान्यात बी.एस्सी. झाल्या झाल्या मी लागलो. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. आम्ही संगमरवराच्या चुरीवर आम्ल ओतून सोडावॉटरवाल्यांसाठी वायू बनवायचो. तो पाण्यावर उपड्या तरंगणाऱ्या लोखंडी टाकीत साठे. टाकी जेवढी वर उचलली जाई तेवढा वायू.

आमचे केमिस्ट साहेब थोर विद्वान. शंभर ग्रॅम संगमरवरातून एक मोल वायू निघतो आणि एक मोल म्हणजे २२.४ लिटर, हे त्यांना विद्यापीठानं एकदा सांगितलं होतं. नंतर कोणाचं काही ऐकायची गरज त्यांना वाटली नाही. उन्हाळ्यात टाकी हिशोबापेक्षा जास्त भरू लागली, तेव्हा त्यांनी हे आपलं कर्तृत्व असल्याचं मालकांना कळवलं. निसर्गानं दिलं त्याहून जास्त काढणारा माणूस! मालकांनी पेढे वाटले. मी चाचरत म्हणालो, की तो आकडा बर्फाइतक्या थंडीतला आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. इथल्या उन्हात वायू फुगणारच. साहेबांनी मला पेढा घ्यायला सांगितलं.

थंडी पडली. चुरी तेवढीच, आम्लही तेवढंच, पण टाकी सकाळी उन्हाळ्यापेक्षा बरीच खाली उतरलेली. साहेबांनी शास्त्रीय निष्कर्ष काढला, की वायू चोरीला जातोय. संशय तळवड्याहून येणाऱ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. सगळ्यांसमोर त्याची पिशवी उलटी केली. भाकरी आणि कांदा निघाला. वायू कशात भरून नेतो, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. म्हातारा काठी भिंतीला टेकवून निघून गेला.

मला राहवलं नाही. मालकांना बोलावलं आणि सकाळी टाकीवर खडूनं रेघ मारली. नळ बंद, कोणी हात लावायचा नाही. दुपारी ऊन तापलं तशी टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत रेघेच्या वर चढली. "हेच मी केव्हापासून म्हणतोय," साहेब म्हणाले.

मालक मात्र हुशार. त्यांनी साहेबांनाच म्हाताऱ्याला परत आणायला पाठवलं, सोबत मला. तळवड्यापर्यंत सायकलवर साहेब मला तापमानाचे नियम समजावत होते.

म्हाताऱ्यानं बाजेवर बसवलं, पाणी दिलं. साहेबांनी केल्विनपासून सुरुवात केली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सायेब, म्या चोर न्हाई न्हवं?"

"गणितानुसार नाही," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही चोर नाही. आमची चूक झाली." त्याचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण साहेबांची सायकल आली की फाटक अगदी सावकाश उघडायचा.