एक जूनची मनिषा

परभणी जिल्ह्यात एका पिढीची निम्मी माणसं एक जूनला जन्मली. बायकांनी ठरवून तो दिवस धरला होता असं नाही. शाळा उघडायच्या सुमारास गुरुजी गावात पोरं गोळा करायचे, जन्मतारीख विचारायचे, आईबाप गुरुजींच्याच तोंडाकडे बघायचे आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. साल ठरवायला मात्र परीक्षा होती. पोराने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं. मनिषाची बोटं लागली होती, असं तिच्या दाखल्यावरून तरी म्हणावं लागतं.

ही मनिषा पालमच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये तेरा वर्षं कामाला होती. साडीवर जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून द्यायचा. लग्न झालं होतं, ते दोन वर्षांत मोडलं आणि ती आईबापाकडे परत आली. बारावीला इंग्रजीत नापास. दुकानाचे मालक दत्तराव गिऱ्हाइकाला सांगायचे, "डोळे झाकून घ्या, आमच्या मनिषाबाईंनी काढलेला रंग उन्हातबी जुळतो." एवढ्या कौतुकावर तिचं उरलेलं आयुष्य निघून गेलं असतं. तसं झालं असतं तर बरं होतं, असं मला आता वाटतं.

पण तिच्या वडिलांचा, चंद्रभानांचा, शुगरने पाय चिघळला. परभणीला दवाखान्यात दोन महिने काढावे लागले. वॉर्डातल्या सविता सिस्टर एकट्या, पेशंट चाळीस. त्यांनी हिला ड्रेसिंग शिकवलं. जखम धुताना मनिषा तोंड फिरवायची नाही, नाकाला पदर लावायची नाही. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा ओरडायला लागला, "मला त्या पोरीच्याच हातनं पट्टी पायजे." सविता सिस्टर हसल्या आणि सहज बोलून गेल्या, "तुझा हात लय हलका हाय गं. नर्सिंग कामून केलं न्हाईस?"

चंद्रभान वाचले नाहीत. ते वाक्य मात्र मनिषाबरोबर पालमला आलं आणि तिच्या डोक्यातून हललंच नाही.

परभणीच्या एका नर्सिंग कॉलेजात तिने चौकशी केली. बारावी पास पाहिजे, चाळीस टक्के पाहिजेत. तिने रिपीटरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसली. ब्लाउजपीस गुंडाळायच्या पुठ्ठ्यांवर ती इंग्रजी शब्द लिहून ठेवायची. गिऱ्हाईक कापड उलगडायचं आणि आतून शब्द आणि त्याचा अर्थ निघायचा. बायका हसायच्या. पहिल्या वर्षी ती इंग्रजीत गेली. जुलैत पुन्हा बसली, चार मार्कांनी गेली. या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा बसली आणि पास झाली. त्रेचाळीस टक्के! त्रेचाळीस टक्क्यांचे पेढे कुणी वाटत नाही. दत्तरावांनी वाटले.

प्रवेशाच्या यादीत तिचं नाव येण्याची आशा नव्हतीच, तिथं सत्तर-पंच्याहत्तरवाल्या पोरी होत्या. पण सगळ्या फेऱ्या संपल्यावर कॉलेजातून फोन आला. तीन जागा उरल्या होत्या. ओरिजिनल कागद घेऊन उद्याच या म्हणाले. मनिषाने दत्तरावांना काम सोडते म्हणून सांगून टाकलं, दत्तरावांनी गावातल्या एका पोरीला तिच्या जागेवर यायला सांगितलं, आणि सकाळी सातच्या एसटीने मनिषा परभणीला गेली. सगळे कागद तिने अस्तराच्या कापडाची पिशवी शिवून तीत घातले होते.

क्लार्क भला माणूस होता. भला नसता तर तिला निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. त्याने मार्कलिस्ट बघितली, मान हलवली, टीसी बघितली आणि थांबला.

"वय किती म्हणालात, ताई?"

"तेहतीस."

"हितं तर एक जून एकोणीसशे नव्वद हाय."

"तीच तारीख हाय मव्ही."

मनिषाने ही तारीख आयुष्यात शंभर कागदांवर लिहिली होती. पण ती मोबाईल नंबर लिहावा तशी. त्या तारखेपासून वय मोजायचं असतं हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. वय तिला आईने सांगितलेलं होतं. त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला, घरावरचे पत्रे वाजले, तेव्हा तू नुकती भिंत धरून चालत होतीस, असं आई सांगायची. त्या हिशेबाने ती तेहतीस वर्षांची होती. आजवर घरातलं वय घरात चाललं होतं आणि कागदावरचं कागदावर. दोघांची गाठ पडली ती या खिडकीपाशी.

क्लार्कने बोटांवर मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर मोजलं. "एकतीस डिसेंबरला पस्तीसच्या आत पायजे. तुमचे पस्तीस वर्षं सात महिने व्हायलेत." मग नको ते बोलला. "गेल्या साली आला असता तर बसत होतं, ताई."

गेल्या साली ती चार मार्कांनी गेली होती.

"तारीख चुकीची हाय साहेब. गुरुजींनी अंदाजे टाकल्याली."

"सगळ्यांचीच अंदाजे हाय. मव्हीबी एक जूनच हाय." त्याने कागद नीट जुळवून पिशवीत घातले. "ग्रामपंचायतीत जन्माची नोंद असंल तर बघा. चार दिवस हायेत."

ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. दोन दिवस जुनी रजिस्टरं उलटून ग्रामसेवकाने हात झटकले.

त्या संध्याकाळी आई, धुरपताबाई, चुलीपुढे बसली होती. मनिषाने सगळं सांगितलं. म्हातारी बराच वेळ लाकडं पुढे सारत राहिली. मग म्हणाली, "तुव्हा हात पोचत नव्हता."

"कुठं?"

"कानाला. चार वर्साची तू. व्यंकटराव गुरुजी म्हणले, बाई, पोरगी ल्हान हाय, पुढच्या साली आण. मला खुरपायला जायचं होतं. लेकरं घेऊन आलेलं मालकाला चालत नव्हतं. थोरली रेणुका पहिलीत होती, तिच्याजवळ बसशील म्हणलं. म्या मागून तुव्हं कोपर रेटलं. म्हणलं, पोचला की गुरुजी! ते हसले अन् लिहून घेतलं."

मनिषाला आईचा राग आला. असा राग की क्षणभर त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघवेना. आणि राग करायला पुढं काहीच नव्हतं. एका बाईने पोर सावलीत बसावं म्हणून कोपराला बोटभर रेटा दिला होता, एवढंच. ती उठून आत गेली आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी ती दुकानाला निघाली. नवी पोरगी काम शिकेपर्यंत या, असं दत्तराव म्हणाले होते. त्याच्या पुढचं ते काही बोलले नव्हते, तिनेही विचारलं नव्हतं.

ओट्यावर धुरपताबाई बसली होती. न्हालेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं.

"सातची यष्टी हाय ना परभनीला?"

"कुणाला जायचंय?"

"मला ने तिथं. मी सांगते त्येंला. पोरीचा हात पोचत नव्हता, म्या रेटला म्हणून. गुन्हा मव्हा हाय. माय खोटं बोलंल का?"

मनिषा खाली बसली. तिने आईच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आई, तिथं कान धरायला लावत न्हाईत. कागद बघत्यात."

"मंग मला बघा म्हणावं की."

मनिषाने डबा घेतला आणि ती दुकानाकडे गेली. धुरपताबाई दुपारपर्यंत तशीच ओट्यावर बसून होती, नेसलेलं लुगडं न बदलता.