बिबट्याचं घर

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी अंगणवाडीतल्या मुलांकरता कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवला. माउसनं प्राणी ओढायचा आणि त्याच्या घरात सोडायचा. गाय गोठ्यात, मासा पाण्यात, उंदीर शेतात, बिबट्या जंगलात. शेत म्हणून मी हिरवागार ऊस काढला होता. पुस्तकांत बिबट्या जंगलात असतो, म्हणून मीही तिथंच ठेवला. जन्म सगळा जुन्नरकडच्या पिंपळवंडीत काढून.

पहिल्यांदा खेळली माझी चार वर्षांची भाची. तिनं बिबट्या ओढला आणि सरळ उसात सोडला. लाल फुली आली, भोंगा वाजला. तिनं पुन्हा उसातच सोडला. पुन्हा भोंगा. तिसऱ्यांदा जंगलात टाकला, तेव्हा टाळ्या वाजल्या. मीही टाळी वाजवली. त्या टाळीचा मला अजून राग येतो.

कारण खटकलं होतं मला. वर्गात सरांना विचारलंही, "सर, आमच्याकडं बिबट्या उसात असतो. तेही उत्तर बरोबर धरू का?"

"परीक्षक बाहेरून येणार. त्यांना काय सांगशील, बिबट्या आमच्या बांधावर नांदतो?"

सर हसले, वर्गही हसला. हसणारे निम्मे जुन्नर-आंबेगावचेच. दिवस मावळायच्या आत यांच्या घरची पोरं आत घेतात, आणि हे हसत होते. मी "बरं सर" म्हणून खाली बसले. सर्वांत जास्त राग त्या "बरं सर"चा आहे.

पुढच्या रविवारी दिवस मावळताना भाची दिसेना. वहिनीनं तिला उसाच्या कडेला गाठलं. चेंडू आणायला ती आत शिरतच होती.

"कितींदा सांगितलं, तिकडं जायचं न्हाई म्हणून?"

"उसात नसतो बिबट्या. आत्याच्या कॉम्प्युटरनं सांगितलंय, तो जंगलात ऱ्हातो."

वहिनीनं तिला उचलून घरात नेलं. आई ओट्यावरून म्हणाली, "लई शिकलीस बाई."

त्याच संध्याकाळी मी कुणाला न विचारता खेळ बदलला. मार्क कापायचे तर कापू देत. आता बिबट्या उसात सोडला तरी टाळ्या वाजतात. भाचीला पुन्हा बसवलं. तिनं बिबट्या धरला, आणि कुठंही सोडायच्या आधी मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं.

आधी ती असं बघत नव्हती.