पाण्याखालचं बघणाऱ्या दोघी

कल्याणच्या ज्या ऑफिसात मी तेरा वर्षं काम केलं ते गेल्या पावसाळ्यानंतर बंद झालं, आणि शहापूरजवळच्या आमच्या गावात मी पहिल्यांदाच दिवसभर घरी राहायला लागले. नवरा सकाळी वाशिंदला कारखान्यात जायचा, मुलगी शाळेत. मागे मी आणि सासूबाई. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी अशा भर दुपारी एका खोलीत कधी बसलोच नव्हतो. एकमेकींशी काय बोलायचं तेही ठाऊक नव्हतं.

मला मुळात बसवतच नसे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला दोनदा उठायचे. फोन पालथा ठेवायचे, लगेच उलटा करून बघायचे. कुठून नोकरीचा निरोप येणार होता असंही नाही. छातीत आपली सारखी धडधड, आणि तिला कारण काही नाही.

अशाच एका दुपारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक सिनेमा लागला होता. समुद्राच्या तळाशी गेलेली पाणबुडी, आत पाच-सहा माणसं, बाहेर काळोख. काहीतरी येऊन काचेवर धडकतं. मी रिमोट हातात धरून उभी होते ती उभीच राहिले. सिनेमा संपला तेव्हा लक्षात आलं की तासभर माझी धडधड माझी नव्हती, त्या सिनेमाची होती. घाबरायला समोर काहीतरी होतं. किती बरं वाटलं मला!

मग मी तसलेच सिनेमे शोधायला लागले. टीव्हीवर नसले तर मोबाईलवरून टीव्हीवर लावायचे. तळ्यातलं, समुद्रातलं, बर्फाखालचं, बुडालेल्या जहाजातलं, कुठलंही जनावर चाले. गोष्ट बहुतेक एकच असते. एकजण सांगतो की पाण्यात काहीतरी आहे, त्याचं कोणी ऐकत नाही, आणि मग एकेकजण जातो. मला जनावर दिसल्यानंतरचा भाग तेवढा आवडत नसे. दात दिसले की ते रबराचं वाटायचं. आवडायचं ते त्याच्या आधीचं. पाणी एकदम शांत असतं, वर ऊन असतं, आणि खालून कुणाचे तरी पाय हलताना दिसतात. तेव्हा मी पदराचं टोक चावत बसायचे.

सासूबाई दाराजवळ वाल सोलत बसायच्या, टीव्हीकडे पाठ करून. पहिल्या आठवड्यात त्या थोड्या तिरक्या झाल्या, दुसऱ्या आठवड्यात सूप घेऊन भिंतीपाशी आल्या. एकदा त्यांना आवडत नसेल म्हणून मी चॅनेल बदलला, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. मघाचं लाव."

त्यानंतर आम्ही रोज बघायला लागलो. त्या घाबरायच्या नाहीत, उलट चिडायच्या. "हातपाय कशाला झाडते एवढी? उताणी पड, पाणीच उचलंल तुला." कधी म्हणायच्या, "ही बरी. हिचा दम चांगला हाय." आणि ज्या क्षणासाठी सगळा सिनेमा काढलेला असतो, ते जनावर वर येतं, नेमक्या तेव्हाच त्या मान खाली घालून वाल सोलायला लागायच्या. मला वाटलं, भीती लपवतात.

"आई, बघवत नाही का तुम्हाला?"

"काय?"

"ते जनावर."

"त्याला कोण बघतंय? मी काय त्याच्यासाठी नाय बसत."

"मग?"

त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. "त्या पोरी पवतात ना, ते बघते. दुसऱ्या कुठल्या पिक्चरात बायका एवढ्या पवतात, सांग बरं."

मी आठवायला लागले. गाण्यात भिजतात, काठावर पाय बुडवून बसतात. पोहत मात्र कोणी नाही. मी ज्या शांत पाण्याला घाबरायला बसत होते, त्याच पाण्यावर या बाईचे डोळे लागले होते. मला उगाच फसल्यासारखं वाटलं. इतके दिवस शेजारी बसून आम्ही एकच सिनेमा बघतच नव्हतो.

मे महिन्यात त्यांच्या भावाने, म्हणजे आमच्या मामांनी, मुरबाडकडच्या गावी नवीन घर बांधलं, त्याची पूजा होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून मी आणि सासूबाई गेलो. मुलगीही वडिलांजवळच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून सगळे ओट्यावर लवंडले तेव्हा त्यांनी मला खुणेनं उठवलं. "चल, नदीवर."

उन्हाळ्यात काळू नदीला ठिकठिकाणी नुसते दगड असतात, पण गावाखाली एक डोह आहे, त्यात पाणी होतं. हिरवं, हलत नसलेलं. सासूबाईंनी चपला काढल्या, साडीचा काचा मारला आणि स्वयंपाकघरात शिरावं तशा त्या पाण्यात शिरल्या. मला वाटलं पाय धुतील. त्या गुडघ्यापर्यंत गेल्या, कमरेपर्यंत गेल्या आणि मग आडव्या झाल्या. साठीच्या पुढची बाई, घरात उठताना भिंतीला हात लावणारी. पाण्यात तिला वजनच नव्हतं.

मध्यावर जाऊन त्यांनी बुडी मारली.

पाणी मिटलं. वर ऊन होतं. असं पाणी मी किती दुपारी बघितलं होतं! मला पोहता येत नाही. आवाज दिला तर गावातून माणसं यायला किती वेळ लागेल, हे मोजायला लागले आणि मोजताना आकडेच विसरले. "आई!" मी ओरडले. "आई!"

पलीकडच्या खडकापाशी डोकं वर आलं. "काय झालं गो? कोण मेलं?"

मला रडू आलं आणि रागही. "सांगून जायचं ना! मी एकटी काय करणार होते इथे?"

त्या हसत हसत परत आल्या आणि मला हाताला धरून पाण्यात नेलं. मी कमरेपर्यंत गेले. पायाखाली गाळ होता, गार, आणि पाऊल दिसत नव्हतं. पोटरीला काहीतरी घासून गेलं. मी किंचाळून अशी पळाले की काठावरच्या दगडावर गुडघा फुटला.

"मासा व्हता!" त्या आत उभ्या राहून सांगत होत्या. "बोटाएवढा मासा!"

मी गुडघा दाबून सावलीत बसले. घरी हीच भीती मी रोज रिमोट दाबून मागून घ्यायचे. इथे तिच्यातलं कणभरही नको होतं. त्या मात्र बराच वेळ पोहत राहिल्या. मी नीट बसू शकत नव्हते आणि त्यांना बोलवायलाही मन होत नव्हतं, कारण त्यांचा असा चेहरा मी बारा वर्षांत बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. जेवताना नवऱ्याने माझ्या गुडघ्याचं विचारलं. मी कुठेतरी पडल्याचं सांगणार होते, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "नदीवर गेलतो. मी पवले."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "तुला पोहता येतं?"

"येतं म्हणजे? डोहावरच वाढले मी."

त्याने घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मग विहिरीचं काय?"

मला काही कळेना. सासूबाईंना कळलं. त्यांचं लग्न होऊन दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. विहिरीवर कळशी दोरातून सुटली, त्यांनी सरळ उडी मारली आणि तळाशी चाचपत राहिल्या. वरच्या बायांनी बोंब ठोकली की नवी सून विहिरीत पडली. पुरुष दोर घेऊन धावले. माहेरी वडिलांना बोलावणं गेलं. पुन्हा पाण्यात उतरणार नाही, अशी शपथ माझ्या सासऱ्यांनी त्यांना घ्यायला लावली. सासरे जाऊन आता चार वर्षं झाली.

"कळशी काढाय गेलते," त्या म्हणाल्या. "काढली पण."

"मला शाळेत पोरं सांगायची," नवरा म्हणाला, "तुझी आई जीव द्यायला गेली होती." त्याने ताट पुढे सरकवलं. "मी तसंच धरून चाललो. आजपर्यंत. तू सांगितलं का नाहीस?"

"तू कधी इचारलं नायस."

तो ताटावरून उठला. ओट्यावर जाऊन उभा राहिला, आत आला, परत बाहेर गेला. मी भाकरी झाकली, उघडली, पुन्हा झाकली. सासूबाई एकट्याच शांतपणे जेवत होत्या. शेवटी तो दारात येऊन म्हणाला, "मामाकडे परत कधी जायचंय?"

"भाताची लावणी उरकली की."

"मी पण येतो. मला बघायचंय."

त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला उठल्या. लावणीनंतर, भर पावसाळ्यात, त्या नदीला किती पाणी असतं, ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचा धीरही होत नव्हता.