काळ्या ठशाची खाच

नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही. तुमच्याजवळ बोलते आहे — तेही कितीदा ओठांपर्यंत येऊन मागे गेलेलं.

धुळ्याला चित्रकलेच्या वर्गात सुमन आणि मी शेजारी बसायचो. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. ती साक्रीकडच्या खेड्यातली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची. तिचा हात — काय सांगू? मी दिवसभर घासून लाकडात जे उतरवायची, ते तिच्या कोरणीतून सहज निघायचं. मला ते सहन होत नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं का?

त्या वर्षी रंगीत ठसाचित्र करायचं होतं. प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा. प्रत्येक ठशाच्या कडेला एक खाच; कागदाचा कोपरा तिच्यात बसवला की रंगावर रंग नेमका पडतो. सुमनने आठवडी बाजार कोरला होता — मिरच्यांचे ढीग, मागे तिची आई. पिवळा, लाल, हिरवा छापून झाले, आठ कागद दोरीवर वाळले. उरला काळा. चेहरे, डोळे, सगळ्या रेघा त्यातच. चित्र मुंबईच्या प्रदर्शनात गेलं तरच तिचे वडील तिला पुढे शिकू देणार होते. हे मला माहीत होतं. माहीत असूनच —

दुपारी ती जेवायला गेली. मी तिच्या काळ्या ठशाची खाच पटाशीने सूतभर तासली. भुसा फुंकून टाकला.

पहिल्या कागदावर डोळे चेहऱ्याबाहेर पडले. तिला वाटलं, कागद नीट बसला नाही. दुसरा जपून ठेवला. तिसरा श्वास रोखून. खाच तिने स्वतः मोजून कापलेली. त्या खाचेवर संशय कसा येणार? आठही कागद गेले. मी शेजारीच रंग कालवत होते.

रडताना तिच्या तोंडी घरची अहिराणी आली; दोष देत होती स्वतःच्याच हाताला. “बठ्ठं वाया गयं, अक्का. मना हातच खोटा शे.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सरांनी कागद पाहिले. ठसा कुणीच पाहिला नाही. मुंबईला माझं चित्र गेलं. सुमनचं त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं.

दहाएक वर्षांनी ती जळगावच्या बसस्टँडवर भेटली. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होते. तिनेच ओळखलं. सोबतच्या मुलीला म्हणाली, “ही अक्का. आमच्या वर्गात हिच्यासारखं कुणालाच जमायचं नाही.” मग हसत म्हणाली, “मी तर दिवाळीची रांगोळीसुद्धा जावेलाच काढू देते. माझी रेघ सरकते ना.”

बस सुटायला अर्धा तास होता. मी उन्हाबद्दल बोलले. बोदवडला बदली होईल की काय, त्याबद्दल बोलले. तिने गर्दीत शिरून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली, मुलीला माझ्या पाया पडायला लावलं.

मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.