माझा मार्केट सर्व्हे

उरणच्या बाजूला कंटेनरचं काम करणाऱ्या एका ऑफिसात मी बावीस वर्षं निर्यातीचे कागद तयार करते आहे. कंटेनरमध्ये काय भरलंय ते मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण कागदावर स्पेलिंग चुकलं तर ते सगळ्यात आधी मला दिसतं, असा माझा समज होता. मागच्या वर्षी ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. कधी जहाजं लांबच्या रस्त्याने वळवली म्हणून, कधी समोरच्या देशाने कर वाढवला म्हणून. एक दिवस साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून आम्ही आठवड्याचे तीनच दिवस यायचं. पगारही तेवढ्याच दिवसांचा.

जुईनगरला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात उद्योजक झाले होते.

आमच्या घराण्यात कोणी पानाची टपरीसुद्धा टाकलेली नाही. वडील मराठवाड्यातून इकडे आले ते क्लार्क म्हणून. त्यांचं नेमणुकीचं पत्र आईने फ्रेम करून बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं होतं. त्यामुळे धंद्यातलं मला काही कळत नव्हतं, पण उत्साह दांडगा होता. आधी केक करून विकायचं ठरलं. नवऱ्याने दोन तुकडे खाल्ले आणि ढोकळा छान झालाय म्हणाला. तो चिडवत नव्हता, म्हणूनच मी तो विचार सोडला.

मग स्टेशनजवळ एक गाळा भाड्याने असल्याची पाटी दिसली. तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान काढावं असं डोक्यात आलं. पण मी पडले कागदांची बाई, आधी सर्व्हे करायला हवा. पुढच्या गल्लीत तसंच एक दुकान होतं. मालक साठीचे, रायगडातल्या किनाऱ्यावरच्या गावचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. मी रोज संध्याकाळी गिऱ्हाईक बनून तिथे जायचे, आधार कार्डाची एक झेरॉक्स काढायचे आणि पाठीमागच्या बाकावर बसून किती माणसं येतात ते बघायचे. आपण फार हुशारीने वागतोय असं वाटायचं.

दहाव्या-अकराव्या दिवशी चाचांनी कार्ड हातात घेतलंच नाही. “मॅडम, तुमचा आधार नंबर मला पाठ झालाय,” ते म्हणाले. “आधी वाटलं तुम्ही महापालिकेच्या. पण तिकडची माणसं इतके दिवस गप्प बसत नाहीत. काय विचारायचंय ते विचारा.”

लाजेने मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. स्टूल पुढे सरकवून त्यांनी मला धंदा समजावला. झेरॉक्स आता कोणाला नको, सगळं मोबाइलवर जातं. त्यांनी मशीन ठेवलंय ते केवळ जुनं आहे म्हणून. मला गाळा परवडणार नाही आणि परवडला तरी त्यांना दुसरं दुकान समोर नको. मात्र फॉर्म भरायला लोक येतात आणि चाचांचे स्वतःचे डोळे आता स्क्रीनवर टिकत नाहीत. कोपऱ्यातलं टेबल रिकामं आहे. “बसून बघा,” ते म्हणाले, “नाही जमलं तर उठून जा. शटर तर माझंच आहे.”

एवढं सोपं असेल तर काहीतरी चुकत असणार, असं वाटून मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत बहिणीला विचारलं, तिने नको सांगितलं. सोसायटीतल्या एका निवृत्त बँकवाल्यांना विचारलं, ते मंदीवर तासभर बोलले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला तुला वाटेल तसं कर, आणि त्यावरून आमचं भांडण झालं. वहीत मी फायदे आणि तोटे असे दोन रकाने आखले. त्या रेघा मात्र सरळ आल्या.

आठव्या दिवशी चाचांकडे अजून आठ दिवस मागायला गेले, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. उरणजवळच्या मोरा बंदराच्या, मोऱ्याच्या. जुईनगरच्या बाजारात मासळी विकायच्या. मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि चाचांना अक्षरं दिसत नव्हती. मी म्हटलं, मी बघते. तीन कागदांवर मुलीच्या आडनावाची तीन स्पेलिंगं होती. ती जुळवताना मला इतका आनंद झाला, की आपल्याला काही ठरवायचं होतं हेच मी विसरले. दीड तासाने फॉर्म गेला. चाचांनी चहा मागवला. मी मनातून फुलून गेले होते.

चार दिवसांनी मुलीच्या कॉलेजातून फॉर्म परत आला.

चूक माझीच होती. आमचा बराचसा माल अमेरिकेला जातो. तिकडच्या कागदांवर महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. बावीस वर्षांच्या सवयीने मी मुलीची जन्मतारीख तशीच घातली होती. चार नोव्हेंबरची मुलगी अकरा एप्रिलची झाली, घरबसल्या सात महिन्यांनी मोठी. आता या बाई बाजारभर माझं नाव खराब करणार असं धरून मी चालले. त्यांना शोधत मासळीच्या ओट्यापर्यंत गेले आणि तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, की चूक कॉलेजची नाही, माझी आहे.

त्या सुरमई कापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “जालं ते जालं, बाय. परत भर. तारीक अजून हाय ना?”

मुदतीला दोन दिवस होते. मी परत भरला, या वेळी जन्मतारीख चाचांना मोठ्याने वाचून दाखवून. पैसे घेतले नाहीत, तर बाईंनी वाटाभर मांदेली आणून दिली. फॉर्म मंजूर झाला.

तेव्हापासून ऑफिस नसलेल्या दिवशी मी त्या टेबलाशी बसते. पाटी लावलेली नाही. याला धंदा सुरू केला म्हणायचं की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही. ऑफिसात पुन्हा पूर्ण आठवडा बोलावतील अशी आशाही मी सोडलेली नाही. परवा त्या मोऱ्याच्या बाई आपल्या शेजारणीला घेऊन आल्या. मला ऐकू येईल अशा आवाजात तिला म्हणाल्या, “ही बाय चुकते, पन सांगते.”

शेजारणीने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतले कागद टेबलावर काढून ठेवले.